"गावाकडची एसटी रिकामी धावते, बंद करा" म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

सध्या एक मेसेज सगळ्या ग्रुपवर फिरतोय, आमच्या गावच्या ग्रुपवर तर तिघा-चौघांनी टाकला. त्यात म्हटलंय असं की गावाकडच्या एसटीच्या फेऱ्या रिकाम्या धावतात, त्यांच्यामुळंच महामंडळ तोट्यात गेलं, त्यात बायकांना अर्धं तिकीट आणि म्हाताऱ्यांना फुकट देऊन उरलंसुरलं संपवलं, आता दारोदार मोटरसायकल आहे, वडाप (शिटा भरून पळणारी खाजगी जीप) आहेच, परदेशात पण बस प्रायव्हेटच असते, तेव्हा सरकारनं या फेऱ्यांवर पैसे घालणं थांबवावं आणि जिथं कमाई आहे तिथंच गाड्या सोडाव्यात. खाली एका रिकाम्या लाल गाडीचा फोटो.

मी कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यातला. आमच्या भागात फेऱ्या टिकाव्यात म्हणून सह्या गोळा करणं चाललंय, ग्रामसभेत ठराव घ्यायचं चाललंय, आणि सहीला गेलं की लोक मोबाईल काढून हाच मेसेज दाखवतात आणि विचारतात, मग हे खोटं आहे काय? विचारणारी माणसं आपलीच आहेत, त्यांना नीट उत्तर मिळायला पाहिजे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"गाड्या रिकाम्या धावतात"

आधी तो फोटो बघा. गाडी शेवटच्या गावात वळून उभी आहे, मागं डोंगर दिसतोय. शेवटच्या गावात गाडी रिकामी नसणार तर कुठं असणार? तिथनं निघताना सात-आठ माणसं, पुढच्या फाट्यावर दहा, मग वाडीवरची कॉलेजची पोरं, मग बाजाराच्या बायका, आणि कोल्हापूर जवळ आलं की पाय ठेवायला जागा नाही. सकाळी रंकाळा स्टँडला नाहीतर सीबीएसला म्हणजे मध्यवर्ती स्टँडला उभं राहून गावाकडनं येणाऱ्या गाडीचा फोटो काढा आणि तो टाका की ग्रुपवर.

आता हिशेब. डेपोत 'भारमान' म्हणतात ते काढताना सगळ्या सीटांच्या किलोमीटरमागं माणसांचे किलोमीटर किती झाले ते बघतात, उभे असलेले पण धरून. समजा गाडी ४४ सीटची, मार्ग ३० किलोमीटरचा. सकाळी पहिले १० किलोमीटर १० माणसं, पुढचे १० किलोमीटर ३० माणसं, शेवटचे १० किलोमीटर ६० माणसं, म्हणजे सोळा जण उभे. १,३२० सीट-किलोमीटरमागं माणसांचे १,००० किलोमीटर झाले, भारमान झालं ७६ टक्के. तीच गाडी नऊ-दहा वाजता परत गावाकडं फिरते तेव्हा तिच्यात असणार आठ माणसं, कारण सकाळी सगळी दुनिया शहराकडं चाललेली असते, तेव्हा भारमान १८ टक्के. दोन्ही मिळून ४७. कागदावर ४७ टक्के म्हणजे अर्धी रिकामी गाडी, आणि प्रत्यक्षात सकाळी सोळा जण दांडीला लोंबकळत आलेत. परतीची फेरी 'तोट्यातली' म्हणून काढली तर सकाळची कुठनं येणार? गाडी गावात गेल्याशिवाय गावातनं निघत नाही. हे साधं गणित मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा तरी मांडायला पाहिजे होतं.

आणि एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त टोचते. फेऱ्या आधी कमी होतात, माणसं नंतर कमी होतात. दिवसाच्या सहा फेऱ्यांच्या तीन केल्या की मधल्या वेळेला जाणारा माणूस दुसरी सोय बघतो, त्याच्या जोडीला दुसरा जातो, मग उरलेल्या तीन फेऱ्यांचं भारमान पण घसरतं, आणि मग कुणीतरी म्हणतं बघा, प्रवासीच नाहीत. प्रवासी होते, त्यांना वाट बघायला लावून लावून घालवलं.

"गावांमुळं एसटी तोट्यात गेली"

तोटा आहे, तो कोण नाकारत नाही. जून २०२५ मध्ये परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनी एसटीची श्वेतपत्रिका काढली, त्यात साठत आलेला तोटा १० हजार कोटींच्या वर दाखवलाय. पण तो सगळा आमच्या वाडीच्या फेरीनं केला का? एसटीच्या तिकिटातनं १७.५ टक्के प्रवासी कर सरकारकडं जातो. डिझेलवरचा कर वेगळा, टोल वेगळा. कोरोनात गाड्या उभ्या राहिल्या, मग २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत संप चालला, त्यात कामगारांचे हाल झाले आणि प्रवासी पण तुटला. गाड्या जुन्या झाल्या, नव्या वेळेवर आल्या नाहीत, कोरोनाआधी राज्यात १८ हजारांच्या आसपास गाड्या होत्या त्या १५ हजारांच्या घरात आल्या. जुनी गाडी जास्त डिझेल खाते, वाटेत बंद पडते, आणि बंद पडली की त्या दिवसाची फेरी रद्द. २५ जानेवारी २०२५ पासून तिकीट १४.९५ टक्क्यांनी वाढलं, ते पण गावच्या माणसानं भरलंय.

शिवाय एसटी नफ्यासाठी काढलीच नव्हती. पहिली गाडी १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर धावली, आणि ज्या कायद्याखाली महामंडळ चालतं त्या १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्याच्या कलम १८ मध्ये सरळ म्हटलंय की कार्यक्षम, पुरेशी, परवडणारी आणि सुसूत्र वाहतूक देणं हे महामंडळाचं काम. व्यवसायाच्या तत्त्वावर चालवा असं पण त्याच कायद्यात कलम २२ ला आहे, हे मान्य. पण दोन्ही कलमं एकत्र वाचायची असतात. 'गाव तिथे एसटी' हे वाक्य नुसतं गाडीवर रंगवायला नव्हतं.

आणि कमाईच्या मार्गांचं म्हणाल तर कोल्हापूर-पुणे गाडीत बसणारा माणूस काय सगळा शाहूपुरीतनं येतो? चंदगड, आजरा, गारगोटी, मलकापूरच्या पलीकडनं छोट्या गाडीनं स्टँडला येतो आणि मग लांबच्या गाडीत बसतो. छोटी गाडी बंद केली की त्याला कुणाच्या तरी कारनं हायवेला यावं लागणार, आणि एकदा हायवेला आला की समोर प्रायव्हेट ट्रॅव्हल्स उभीच असते, तो परत स्टँडवर कशाला येईल? ओढे आटवून नदीला पाणी राहत नाही.

"बायकांचं अर्धं तिकीट आणि म्हाताऱ्यांचं फुकट, यानं बुडवलं"

हा मुद्दा वाचून मला राग आला, आणि तो आला हे लपवत नाही. ७५ वर्षांवरच्यांना फुकट प्रवास २६ ऑगस्ट २०२२ पासून, बायकांना अर्धं तिकीट १७ मार्च २०२३ पासून. हे निर्णय सरकारचे, आणि सवलतीची रक्कम सरकारनं एसटीला भरून द्यायची असं ठरलेलं आहे. म्हणजे कंडक्टर मशीनवर अर्धं तिकीट फाडतो तेव्हा राहिलेलं अर्धं सरकारकडनं येणं असतं. ते येणं वेळेवर येत नसेल तर भांडण सरकारच्या तिजोरीशी आहे, सीटवर बसलेल्या म्हातारीशी नाही. आणि सवलत आल्यावर गाड्यांत बायका वाढल्या की नाही हे कुठल्याही आठवडी बाजारच्या दिवशी गाडीत चढून बघा. जी बाई आधी नवऱ्याला 'कधी नेताय' विचारत बसायची ती आता पिशवी उचलून स्वतः जाते.

मुलींच्या पासाचं तर मेसेजमध्ये नावच नाही. अहिल्याबाई होळकर योजनेत गावातल्या मुलींना बारावीपर्यंत शाळेला जायला मोफत पास आहे. पास आहे, पण गाडीच नसेल तर त्या पासाचं करायचं काय? शाहू महाराजांनी १९१७ ला सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला, त्याच्या आधी १९०१ पासून बोर्डिंगं काढली, कारण खेड्यातल्या पोराला कोल्हापुरात राहिल्याशिवाय शिकता येत नव्हतं. आज आमच्या गावची पोरगी घरात राहून शिकते ती सकाळच्या गाडीच्या जिवावर. त्याच कोल्हापुरात बसून कुणीतरी ती गाडी बंद करा म्हणून मेसेज फॉरवर्ड करतंय.

"आता प्रत्येकाकडं गाडी आहे"

प्रत्येक घरात असेल. प्रत्येकाकडं नाही. घरात एक मोटरसायकल, ती सकाळी साडेसहाला पोरगा नाहीतर नवरा घेऊन गोकुळ शिरगाव, शिरोली नाहीतर कागलच्या एमआयडीसीला जातो, ती येणार रात्री. दिवसभर घरात राहिलेल्या माणसांना चाकं नाहीत. १८ वर्षांखालच्या पोराला लायसन नाही, सत्तरीच्या माणसाला हँडल धरवत नाही, बऱ्याच बायकांना गाडी शिकवलेलीच नाही. आणि गगनबावड्याकडचा पाऊस ज्यानं बघितलाय त्यानं सांगावं, जुलैत सकाळी सहाला पोरीला टू-व्हीलरवरनं तीस-चाळीस किलोमीटर कोण पाठवणार? रेल्वेचं म्हणाल तर ती जयसिंगपूर, हातकणंगले, कोल्हापूर अशी पूर्वेच्या बाजूला. १८९१ पासून कोल्हापुरात येऊन थांबलीय, पश्चिमेला पुढं गेलेली नाही. राधानगरी, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडीला एसटी हीच रेल्वे.

"वडाप आहे की"

वडापवाल्यांबद्दल वाईट बोलणार नाही, ती आमच्याच गावची पोरं आहेत, रात्री-अपरात्री पेशंट घेऊन गेलेली आहेत. पण वडाप एसटीची जागा घेऊ शकत नाही. शिटा भरल्याशिवाय ती हलत नाही. पास चालत नाही, अर्धं तिकीट चालत नाही. जिथं माणसं जास्त तिथंच ती पळते, खोऱ्याच्या टोकाला जात नाही.

माझी चुलती सीपीआरला, कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, तपासणीला गेलेली, येताना फाट्यावर उतरली तेव्हा साडेसहा वाजून गेलेले. वडाप उभी होती, तिला धरून आत चौघं. ड्रायव्हर म्हणाला अजून सहा शीट येऊ देत, नाहीतर जादाचे पैसे द्या. तो तरी काय करणार, त्याला डिझेल घालायचंय. ती मांडीवर औषधाची पिशवी घेऊन अंधार पडेपर्यंत बसली, शेवटी पाचवा माणूस आला आणि पाचांनी मिळून सगळ्या शिटांचे पैसे दिले. त्या वेळेला एसटीची फेरी असती तर ७५ च्या वरची म्हणून तिला तिकीटच लागलं नसतं.

शिवाय परवाना आठ-नऊ माणसांचा आणि आत पंधरा, अशा गाडीला काही झालं तर विम्याचं भांडण कोण निस्तरणार? एसटीच्या तिकिटात अपघात निधीचा रुपया असतो, वडापला तिकीटच नसतं.

"परदेशात बस प्रायव्हेटच असते"

ब्रिटनचं उदाहरण देतात म्हणून तेवढंच सांगतो. तिथं १९८६ ला लंडन सोडून बाकी ठिकाणची बस वाहतूक खुली केली, कंपनीनं पाहिजे तो मार्ग घ्यायचा, नको तो सोडायचा. गर्दीच्या मार्गावर कंपन्या आल्या, खेड्यातल्या मार्गांवर आल्या नाहीत, मग त्या फेऱ्या टिकवायला तिथल्या कौन्सिलला, म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा परिषदेसारख्या संस्थेला, सार्वजनिक पैसाच द्यावा लागला, आणि २०१० नंतर कौन्सिलांचे पैसे कापले तशा त्या फेऱ्या गेल्या. तिथं पण गावोगावचे लोक सह्या घेऊन उभे राहिले, अगदी आपल्यासारखेच. मँचेस्टर भागात लोकांनी बरीच वर्षं मागणी लावून धरली आणि सप्टेंबर २०२३ पासून टप्प्याटप्प्यानं बसचे मार्ग, वेळा, तिकिटं परत सरकारी यंत्रणेच्या ताब्यात आली, जानेवारी २०२५ ला ते काम पूर्ण झालं. गाड्या चालवतात कंपन्याच, पण कुठं आणि कधी चालवायच्या ते लोकांनी निवडून दिलेली माणसं ठरवतात. मेसेजमध्ये ही अर्धी गोष्ट नाही.

आता आपल्या बाजूनं एक कबूल केलं पाहिजे, सगळ्या फेऱ्या आहेत तशाच ठेवा असं आमचं म्हणणं नाही. काही वेळा खरंच चुकीच्या आहेत, कॉलेज सुटतं पाचला आणि गाडी पावणेपाचला निघून जाते, ती फेरी रिकामीच जाणार. काही वाड्यांना मोठ्या गाडीपेक्षा छोटी बस बरी पडेल, वळण घ्यायला पण सोपी. हे सगळं करा. कुठल्या थांब्यावर किती तिकिटं फाटली ते कंडक्टरच्या मशीनमध्ये नोंदलेलं असतं, ते काढा, गावात येऊन दाखवा आणि मग वेळ बदला. पण आधी फेरी बंद आणि मग चर्चा, हे नको. आणि मुक्कामाच्या गाडीला हात लावू नका. ती संध्याकाळी गावात येते, ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या नाहीतर देवळाच्या ओवरीत झोपतात, पहाटे कुणाच्या तरी घरातनं त्यांना चहा जातो, आणि डेअरीत दूध घालून झालं की त्याच गाडीनं निम्मं गाव कामाला लागतं. ती गेली तर सकाळची पहिली फेरी गेली, आणि पहिली फेरी गेली की शाळा, कॉलेज, सीपीआरचा केसपेपर, कोर्टाची तारीख सगळंच गेलं. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच बसतंय, त्यासाठी आपण सगळे किती वर्षं भांडलो, आता तिथं अकराला हजर व्हायला खोऱ्यातल्या माणसानं आदल्या दिवशी निघायचं का?

ज्यांना सह्या गोळा करायच्यात त्यांच्यासाठी एवढंच. नुसतं 'फेऱ्या वाढवा' लिहू नका. फेरीची वेळ, कुठल्या थांब्यावर रोज साधारण किती माणसं चढतात, त्यात पासवाली पोरं किती, बायका किती, फेरी रद्द झाली ती तारीख, हे सगळं अर्जात घाला. ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडा, एक प्रत डेपो मॅनेजरला, एक विभाग नियंत्रकांना, एक आमदारांना, आणि तिन्हीवर पोच घ्या. शाळेच्या मुख्याध्यापकांचं पत्र मिळालं तर ते सगळ्यात वर लावा. आणि तो मेसेज परत कुणी ग्रुपवर टाकला तर भांडू नका, भारमानाचा वरचा हिशेब त्याच्या खाली टाका आणि सकाळच्या गाडीचा फोटो जोडा.