वूफर ‘उघडायची’ वाट कसली बघताय? आधी बॉक्स फिरवा

गाडीत नवा सबवूफर, म्हणजे फक्त बास वाजवणारा पेटीतला मोठा स्पीकर, बसवला की कुणीतरी हा फॉरवर्ड पाठवतोच: पहिले १०० तास हळू वाजवा, जमल्यास रात्रभर पार्किंगमध्ये चालू ठेवा, नाहीतर कॉइल, म्हणजे आतली कोन हलवणारी तारेची गुंडाळी, जळेल. बास कमी वाटला तर थांबा, वूफर अजून ‘उघडायचा’ आहे. आणि बॉक्सचं तोंड कायम सीटकडेच. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, गाडीच्या सामानाच्या दुकानांतही हे ऐकायला मिळतं. दुकानदाराला सोयीचंच आहे म्हणा, गिऱ्हाईक १०० तास तक्रार घेऊन फिरकत नाही.

यात तथ्य आहे, पण चिमूटभर. कोन म्हणजे आवाज करणारा शंकूसारखा पडदा; त्याच्यामागची नालीदार कापडी चकती, म्हणजे स्पायडर, आणि कडेचं रबर सुरुवातीला जरा ताठ असतं. कोन हलला की ते सैल पडतं. पण हळू वाजवलं तर कोन हलतोच कुठे? आणि बॉक्स सीलबंद असेल तर आतल्या हवेचाच दाब कोनला मागे रेटत असतो, त्यामुळे स्पायडरच्या फरकाने आवाजात फारसं काही बदलत नाही.

कॉइल जळते ती उष्णतेने. अँपचा (अँप्लिफायरचा) गेन, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा ते बटण, पूर्ण पिळून आवाज फाटेपर्यंत वाजवलात तर पहिल्या दिवशीही जळेल आणि वर्षभरानेही.

रात्रभर पार्किंगमध्ये वाजवण्याबद्दल काय बोलायचं! इंजिन बंद ठेवलं तर सकाळी बॅटरी बसलेली. चालू ठेवलं तर बेसमेंटमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचणार. शिवाय सोसायटीचे सेक्रेटरी आहेतच.

खरा घोळ जागेचा आहे. बासची दिशा कानाला कळत नाही हे खरं, पण म्हणून बॉक्स डिकीत कुठेही टाकून चालत नाही. समजा कोनपासून डिकीच्या मागच्या पत्र्यापर्यंत १ मीटर आहे. मागे गेलेली लाट आपटून परत येते तेव्हा २ मीटर जास्त चाललेली असते. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४४ मीटर. ८६ हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ८६ कंपनांना, एक लाट ४ मीटर लांब असते. म्हणून २ मीटर, म्हणजे अर्धी लाट, मागे पडलेली ती तिथे मूळ लाटेच्या बरोबर उलटी पडते आणि दोघी एकमेकींना खातात. ढोलकीची थाप नेमकी तिथेच कुठेतरी मरते. बॉक्स मागे सरकवून तोंड डिकीच्या दाराकडे केलं आणि मध्ये ३० सेंटीमीटर ठेवले, की हा खड्डा २८५ हर्ट्झच्या वर जातो. क्रॉसओव्हर, म्हणजे वूफरला किती हर्ट्झपर्यंतचा आवाज द्यायचा ती मर्यादा, ८० हर्ट्झला लावलेला असेल तर वूफर तिथे वाजतच नाही. हॅचबॅकमध्ये फरक लगेच कळतो. सेडानमध्ये मागच्या सीटचा अडसर असतो. आर्मरेस्टमागची डिकीत उघडणारी खिडकी असेल तर उघडून बघा.

एवढं करूनही बास पोकळ वाटला तर ड्रायव्हरच्या सीटवर बसा, ओळखीचं गाणं लावा आणि दुसऱ्याला अँपवरचा फेजचा खटका (लाट सुलटी-उलटी करणारा) ० वरून १८० वर करायला सांगा. ज्या बाजूला बास भरीव, तीच बरोबर. कित्येकदा नुसती वायर उलटी जोडलेली असते.

आणि मुंबईत बऱ्याच गाड्यांच्या डिकीत सीएनजीचा सिलेंडर. तिथे बॉक्स कोंबून व्हॉल्व्ह झाकू नका, गॅसच्या पाइपजवळ स्क्रू मारू नका. सीटखालचा अँपसकटचा चपटा वूफर घ्या. पोटात धडधडणार नाही, पण गाणं भरून येईल.