६४० रुपयांचा हिशोब चुकला होता

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून आधी राग आला, म्हणून उत्तराला चार दिवस लावले. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. लेकीला सिलियाक (गहू न चालण्याचा आजार) निघाल्यावर आम्ही घरातून गहू हद्दपार केला आणि वाणसामानाचा खर्च महिन्याला फक्त ६४० रुपयांनी वाढला, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. तुमचं म्हणणं असं, की तुमच्या भाच्यालाही हाच आजार आहे, भाऊ रिक्षा चालवतो, घर रेशनवर चालतं आणि माझा लेख म्हणजे भरल्या पोटी केलेला हिशोब. शिवाय एका पोरीपायी मी म्हाताऱ्या सासऱ्यांची पोळी तोडली. आणि आठवड्याला एखादी पोळी दिली तर काही बिघडत नाही, तुमचा भाचा खातो आणि त्याला काही होत नाही.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरुवात करते, कारण तिथे मी तसूभरही हलणार नाही. या आजारात पोट दुखलं नाही म्हणजे आत सगळं ठीक आहे असं नसतं. ग्लुटेन, म्हणजे गव्हातलं एक प्रथिन, पोटात गेलं की शरीराचीच प्रतिकारशक्ती आतड्याच्या अस्तरावर उलटते. आमच्या पोरीचं पोट कधीच दुखलं नव्हतं. दोन वर्षं उंची जागची हलली नाही आणि गोळ्या देऊनही हिमोग्लोबिन वर येईना, तेव्हा तपासण्या झाल्या. थोडं थोडं देऊन सवय व्हायला ते काही तिखट नाही. भाच्याची तपासणी झालेली नसेल, नुसत्या अंदाजावर गहू कमी केला असेल, तर तो पूर्ण बंद करण्याआधी डॉक्टरांकडे न्या. गहू बंद असताना केलेली रक्ताची तपासणी फसवी निघू शकते.

सासऱ्यांचं मात्र तुम्ही बरोबर ओळखलंत. ते तोंडाने काही बोलले नाहीत. संध्याकाळी मारुतीला जातो म्हणून निघायचे आणि वाटेत नणंदेकडे दोन पोळ्या खाऊन यायचे. मला तीन महिन्यांनी कळलं, तेही तिच्या मुलाच्या तोंडून. त्यांना मधुमेह आहे, ज्वारी त्यांच्याही भल्याची, असं मी स्वतःला समजावत होते. पण भाकरीतही पिष्टच असतं, चार भाकऱ्या खाल्ल्या तर साखर वाढायची ती वाढतेच. आता पोळी-भाजी केंद्रातून त्यांच्या रोज दोन पोळ्या येतात. त्यांचं ताट वेगळं, आणि ते गॅलरीत बसून जेवतात, कारण त्यांना तिथे वारा लागतो. (असं ते म्हणतात.) दहा रुपयांना एक, म्हणजे महिन्याचे ६०० रुपये. हे ६०० माझ्या हिशोबात नव्हते.

आणखीही बरंच नव्हतं. मी फक्त गव्हाच्या जागी ज्वारी-बाजरी आणि जरा जास्त तांदूळ मांडून फरक काढला होता. गिरणी विसरले. दळायला गेल्यावर आपण ‘ज्वारीवर ज्वारी टाका’ म्हणतो, पण ती आधीची ज्वारी कशावर पडली होती, ते कोण बघतं? आमच्या गिरणीवाल्या काकांनी एकदा पिठाच्या तोंडाला बांधलेली कापडी बाही सोडून माझ्यासमोर झटकली. ओंजळभर पीठ पडलं, आणि त्याआधी दिवसभर गहूच दळला होता. एकादशीच्या आधी उपासाच्या भाजणीसाठी तेच काका गिरणी झाडून-पुसून देतात. रोजच्या दळणाला कुठून देणार? शेवटी १८,००० रुपयांची घरघंटी घेतली. ती दहा वर्षं चालेल असं धरलं तरी महिन्याला १५० रुपये. बरं, महिन्याचं पीठ एकदम दळून ठेवावं, तर ज्वारीच्या पिठाची आठ-दहा दिवसांत विरी जाते. मग भाकरी थापताना कडेने चिरते आणि उकळतं पाणी घालून उकड काढत बसावं लागतं.

शाळेतले वाढदिवस, लग्नकार्य, रेल्वेचा प्रवास यासाठी ग्लुटेन नसलेली बिस्किटं आणि शेवया लागतात. ते साधारण ४५०. सगळं मिळून १,८४० झाले, म्हणजे मी लिहिलेल्या आकड्याच्या जवळजवळ तिप्पट. मागच्या लेखात ६४० खोडून हा आकडा टाकला आहे. पाच माणसांच्या भाकऱ्या थापण्यात माझा रोजचा जो वेळ जातो, तो त्यातही धरलेला नाही.

आता तुमच्या भावाचं. त्याने माझ्यासारखं करू नये, एवढं मला स्पष्ट दिसतं. रेशनचं धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे. प्राधान्य गटाचं कार्ड असेल तर माणशी ५ किलो, म्हणजे चौघांच्या घराला २० किलो. त्यातला गहू सोडून घरभर ज्वारी विकत घ्या, असं रिक्षाच्या कमाईवर जगणाऱ्याला सांगणं हा खरोखरच भरल्या पोटाचा सल्ला झाला असता. गहू इतरांनी खावा. मुलासाठी रेशनचा तांदूळ आहे. तो नीट निवडून, धुऊन घ्यायचा, कारण रेशनच्या दुकानात एकच माप दोन्ही धान्यांत फिरतं. तांदळाला गिरणी लागत नाही, हे त्याचं मोठं सुख. भिजवून मिक्सरवर वाटला की घावन होतात, उडीद घालून आंबवलं की आंबोळी. ज्वारीही आधी कण्यांच्या रूपात द्या. मिक्सरवर भरड काढायची, चाळून घ्यायची, मीठ घालून शिजवायची आणि वर ताक. माझी आजी उन्हाळ्यात हेच खायची आणि आम्ही नाकं मुरडायचो. एका मुलाला महिन्याला चार-पाच किलो ज्वारी पुरते. मी शेवटची ६० रुपयांनी घेतली, म्हणजे ३०० रुपये झाले. ३०० म्हणजे रिक्षावाल्याला थोडे नव्हेत, ते मला कळतं. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. तेव्हा गावाकडून कोणी येणार असेल तर एकदम पोतं मागवलेलं स्वस्त पडतं.

पैशापेक्षा शिस्त जास्त लागेल. मुलाचा तवा आणि परात वेगळी हवी. लाकडी पोळपाट-लाटणं त्याच्यासाठी वापरूच नका, त्याच्या भेगांत कणीक राहते. त्याचं जेवण आधी करायचं, मग कणीक मळायची, कारण पोळीची पिठी उडून सगळीकडे बसते. पुऱ्या तळलेल्या तेलात त्याचे पापड तळायचे नाहीत. वहिनीला हे सगळं दोन खोल्यांत करायचं आहे, म्हणून एकदम नको. तवा आणि परात आज, बाकीचं हळूहळू.

आणि हिंग बघा. आम्ही सगळं काटेकोर करत होतो, तरी आठ महिने पोरीच्या रिपोर्टमधले या आजाराचे आकडे हवे तसे खाली येत नव्हते. आहारतज्ज्ञ बाईंनी स्वयंपाकघरातल्या एकेका डबीचा फोटो मागितला. हिंगाच्या डबीवर मागच्या बाजूला, मुंगीएवढ्या अक्षरांत, घटकांमध्ये गव्हाचं पीठ लिहिलेलं होतं. बांधणी हिंगात गोंदाबरोबर मैदा किंवा तांदळाचं पीठ घालतात, आणि आमच्या डबीत नेमका गहू होता. रोजच्या वरणाच्या फोडणीतून तो तिच्या पोटात जात होता. तांदळाच्या पिठातला हिंगही बाजारात मिळतो. वहिनींना डबी उलटी करून वाचायला सांगा, अक्षरं लागत नसतील तर फोटो काढून मोठा करून. मला पाठवलात तरी चालेल, मी बघून सांगते.