शिक्का पुसट आहे म्हणे

आज अकरावीचा तास संपवून स्टाफरूममध्ये आले, मोबाईल उघडला आणि डोकंच फिरलं. गेले 63 दिवस माझ्या वैमानिक परवान्याच्या अर्जापुढे ‘प्रक्रियेत’ हा एकच शब्द होता. आज तिथे नवी ओळ आली. अर्ज परत. कारण, लॉगबुकच्या, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीच्या, पान 14 वरचा शिक्का अस्पष्ट.

63 दिवस! शिक्का पुसट आहे हे दिसायला 63 दिवस लागतात?

बऱ्याच जणांना माहीत आहे, काहींना नसेल. मी विमान उडवायला शिकले. खासगी वैमानिकाचा परवाना, पीपीएल म्हणतात त्याला. किमान 40 तासांचं उड्डाण, त्यातले 20 तास एकटीने. हवाई नियम, दिशाज्ञान, हवामानशास्त्र, सगळ्याच्या परीक्षा, 70 टक्क्यांखाली नापास. डोळे, कान, हृदय सगळं तपासून घेतलं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्किल टेस्ट, म्हणजे विमान उडवून दाखवायची परीक्षा झाली. परीक्षकांनी खाली उतरल्यावर हात मिळवला आणि म्हणाले, मॅडम, अभिनंदन. मला वाटलं, झालं आता.

झालं काहीच नव्हतं. परवाना हातात येईपर्यंत मी कायद्याने विद्यार्थीच. एकटी उडू शकते, तेही इन्स्ट्रक्टरने परवानगी दिली तर. शेजारी माणूस बसवू शकत नाही. आणि मला तर फक्त एकच माणूस बसवायचाय.

आप्पा. माझे वडील. 31 वर्षं एसटीत ड्रायव्हर, धुळे डेपो. त्यातली बरीच वर्षं धुळे–औरंगाबाद गाडीवर. चाळीसगाव, मग कन्नडचा घाट, मग पुढे. लहानपणी सुट्टीत मी त्यांच्यामागच्या सीटवर बसून जायचे. घाटात ते एक अक्षर बोलायचे नाहीत. वर पोचल्यावर रेडिएटरला पाणी घालायचे, स्वतः चहा घ्यायचे, मला बिस्किटाचा पुडा द्यायचे आणि मग हसायचे.

पान 14 वर काय आहे ते सांगते. परवान्यासाठी एकटीने एक लांबचं उड्डाण करावं लागतं. किमान 150 नॉटिकल मैल आणि वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबायचं. मी धुळ्याहून निघाले, संभाजीनगरला उतरले, तिथून जळगाव आणि जळगावहून परत. नकाशावर पेन्सिलीने रेघ मारली तेव्हा माझ्या लक्षात आलं की धुळे ते संभाजीनगर ही सरळ रेघ चाळीसगाव आणि कन्नडवरूनच जाते. आप्पांच्याच रस्त्यावरून!

त्या दिवशी हवा स्वच्छ होती. 5500 फुटांवर होते. खाली गिरणा गेली, चाळीसगावचे रूळ गेले आणि समोर सातमाळ्याची भिंत उभी राहिली. घाटाचा रस्ता दोरा टाकल्यासारखा दिसत होता. त्यावर ट्रक मुंगीएवढे. जिथे आप्पा स्टेअरिंगला मिठी मारून एकेक वळण काढायचे, तो अख्खा घाट माझ्या पंखाखालून चार मिनिटांत गेला. मला रडू आलं. विमानात एकटी असताना रडायचं नसतं, समोरची घड्याळं दिसेनाशी होतात. पण आलं.

जळगावला उतरून त्यांना फोन केला. आप्पा, कन्नडचा घाट पाहिला वरून. ते बराच वेळ गप्प. मग विचारलं, “वरचा पाण्याचा हौद दिसला का? रेडिएटरला पाणी घालायचो तो?”

नव्हता दिसला. मी म्हणाले, पुढच्या वेळी तुम्हीच दाखवा. ते बरं म्हणाले.

ते ‘बरं’ लोंबकळतंय तेव्हापासून.

आता राग कशाचा येतो ते नीट सांगते. तपासणी करू नका असं मी म्हणत नाही. 2011 मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने काढलेले पायलट सापडले होते, प्रवासी विमानं उडवणारे. तेव्हा कागद बारकाईने बघायलाच हवेत, मान्य. शिक्का पुसट असेल तर हरकत घ्या. पण ती पाचव्या दिवशी घ्या ना! मी सहाव्या दिवशी नवा शिक्का मारून पाठवला असता. मला वाट पाहण्याचं दुःख नाही हो. आपण कशासाठी थांबलोय, तो कागद कुणाच्या टेबलावर आहे, अजून किती दिवस, हे एक माणूस सांगत नाही. फोन वाजत राहतो. मेलला उत्तर म्हणून एक क्रमांक येतो. त्या क्रमांकाचं मी काय करू? आणि आता दुरुस्त करून पाठवलं की पुन्हा रांगेच्या शेवटी की होते तिथेच, हेही कुठे लिहिलेलं नाही.

माझा मावसभाऊ अमेरिकेत शिकला. तिकडे स्किल टेस्ट पास झालं की परीक्षक त्याच दिवशी तात्पुरता कागदी परवाना हातात देतो. 120 दिवस चालतो. पक्कं कार्ड मागाहून टपालाने येतं. त्याने पास झाल्याच्या तिसऱ्या दिवशी बायकोला फिरवून आणलं. आपल्याकडे हे का नाही? ज्या परीक्षकावर मला पास करण्याइतका विश्वास आहे, त्याच्या सहीवर चार महिने तरी विश्वास ठेवा की.

2025 च्या फेब्रुवारीत पायलटांसाठी इलेक्ट्रॉनिक परवाना सुरू झाला. चीननंतर असा परवाना देणारा आपला दुसरा देश. परवाना थेट मोबाईलवर. ती बातमी मी वर्गात मुलांना वाचून दाखवली होती, इतका आनंद झाला होता मला. कार्ड छापायचा वेळ वाचला हे खरंच आहे. पण अर्ज उघडून बघणारा माणूस दोन महिने तो उघडतच नसेल तर परवाना मोबाईलवर आला काय आणि बैलगाडीने आला काय!

आणि एक. “एवढी काय घाई, छंदच आहे ना तुझा?” हे मला गेल्या दोन महिन्यांत निदान दहा जणांनी ऐकवलं. परवा एका बारशात तर नात्यातल्या एका बाईंनी सरळ विचारलं, “अजून लायसन नाही म्हणजे पास नाही का झालीस?” हो, छंद आहे. या परवान्यावर मी एक रुपया कमवू शकत नाही, कायद्यानेच मनाई आहे. पण छंद म्हणजे रिकामटेकड्या श्रीमंतांचं काम हे कुणी ठरवलं? जेआरडी टाटांनी 10 फेब्रुवारी 1929 ला देशातला पहिला परवाना घेतला, त्याला शंभर वर्षं होत आली. आता एसटी ड्रायव्हरच्या मुलीने घ्यायला काय हरकत आहे? मी नवी गाडी घेतली नाही, दहा वर्षं स्कूटरवर कॉलेजला जातेय, त्या पैशांत तास उडवलेत. एकेका तासाचा हिशेब आहे माझ्याकडे.

घाई का, तेही सांगते. आप्पा 79 वर्षांचे आहेत. त्यांना काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याने जवळजवळ काही दिसत नाही. उजव्याची नजर कडेने आत आत येतेय. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही, आहे ती थेंब घालून टिकवायची. रोज रात्री नऊला मीच थेंब घालते. थेंब घातल्यावर डोळे मिटून पडतात आणि विचारतात, “आलं का गं काही?”

आणि ऋतू थांबत नाही. आत्ता फेब्रुवारीत सकाळची हवा काचेसारखी आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा 42 च्या पुढे. तापलेली हवा विरळ असते, इंजिनाची ताकद कमी पडते, धावपट्टी जास्त लागते, वर गेलं की विमान गचके खातं. 79 वर्षांच्या माणसाला मी त्यात नेणार नाही. जूनपासून ढग. म्हणजे हा महिना आणि मार्चचे पहिले पंधरा दिवस. नाहीतर थेट दिवाळीनंतर. दिवाळीपर्यंत त्यांच्या उजव्या डोळ्याला किती दिसत असेल, हे कुणी लिहून देईल का मला?

इन्स्ट्रक्टरला बरोबर घेऊन जा म्हणणाऱ्यांनो, आमच्या क्लबात शिकवणीच्या उड्डाणात बाहेरचा माणूस बसवत नाहीत. बरोबरच आहे ते. आणि दिल्लीत परवाना देणाऱ्या कार्यालयात कुणाला तरी पकड म्हणणाऱ्यांनो, तुमचा हेतू चांगला आहे, पण नको. आप्पांनी 31 वर्षांत साहेबाच्या मेव्हण्यालाही बिनतिकीट बसवलं नाही. त्यांना मी वशिल्याच्या परवान्यावर बसवू?

इथवर लिहिलं आणि मध्ये उठले, थेंबांची वेळ झाली होती. आता परत बसलेय. राग थोडा उतरलाय. माझा चेहरा बघून त्यांनी विचारलंच, “काय व्हयनं माय?” सांगितलं सगळं. वाटलं, चिडतील. ते शांतपणे म्हणाले, “बिल्ला मिळाल्याशिवाय मीही स्टेअरिंगला हात लावला नव्हता. चार महिने थांबलो होतो. पण आम्हाला डेपोच्या फळ्यावर नाव तरी दिसायचं, कितवा नंबर आहे ते.”

मग मला लॉगबुक आणायला लावलं. पान 14 काढून दिलं. त्यांनी पान उजव्या डोळ्याजवळ नेलं, ट्यूबलाइटखाली तिरकं धरलं आणि बोट फिरवत वाचलं. धुळे, औरंगाबाद, जळगाव, धुळे. खाली जांभळा शिक्का. डावीकडचा अर्धा गोल ठळक, उजवीकडचा उडालेला. शाईचं पॅड सुकलं असणार, आणि मीही तेव्हा नीट बघितलं नाही, ही चूक माझी.

उद्या सकाळी साडेनऊला गोंदूरला, धुळ्याच्या विमानतळावर जाऊन नवा शिक्का घेणार, दुपारी अर्ज परत भरणार. आप्पा म्हणाले, मीही येतो. नवं पॅड घेऊन जाऊ आपलंच, रस्त्यात स्टेशनरीचं दुकान आहे.