दारू सुटली म्हणजे विषय संपला?

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फॉरवर्ड आला, मग तोच माहेरच्या ग्रुपवर आणि भिशीच्याही. मजकूर थोडक्यात असा: दारू ही नुसती सवय आहे, २१ दिवस मन घट्ट केलं की सुटते. सुटली की विषय संपला. गळ्यात माळ घातली की अध्यात्म आपोआप येतं. वर्षानुवर्षं मीटिंगला जाणारे मनाने कच्चे, एका व्यसनातून दुसऱ्या व्यसनात गेलेले. माझे यजमान बरीच वर्षं सोबर, म्हणजे दारूपासून दूर आहेत आणि एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या संघटनेच्या, मीटिंगला आजही जातात. मी अल-अनॉनला, म्हणजे अशा माणसांच्या घरच्यांच्या गटाला जाते. म्हणून हे उत्तर.

आधी २१ दिवस. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या लिखाणातून आला. शस्त्रक्रियेनंतर नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात, हे त्याचं निरीक्षण होतं. दारूच्या व्यसनावर त्याने हे बेतलेलंच नव्हतं. उलट, रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर पहिल्या काही दिवसांतच आकडी येऊ शकते, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. अशा माणसाला ‘मन घट्ट कर’ म्हणून घरात बसवून ठेवू नका. आधी डॉक्टरकडे न्या.

‘विषय संपला’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. बाटली बंद झाली तरी आमच्या घरातली भीती गेली नव्हती. जिन्यात पावलं वाजली की मुलगी पुस्तक मिटून आत जायची. भाजीत मीठ कमी पडलं तरी ताट सरकवलं जायचं. मीही खिसे तपासायची, श्वासाचा वास घ्यायची. दारू न पिता तोच राग, तोच संशय, तीच स्वतःची कीव. एएमध्ये याला ड्राय ड्रंक म्हणतात. एएचे एक संस्थापक बिल विल्सन यांनी १९३४च्या डिसेंबरमध्ये दारू सोडली, आणि भावनिक सोबर्टीवर, म्हणजे दारू सुटल्यावर मनही सावरण्यावर लिहिलं ते १९५८ साली. मधली कित्येक वर्षं त्यांना नैराश्याने ग्रासलं होतं. आपण सुखासाठी सतत माणसांवर आणि परिस्थितीवर विसंबून राहतो, आणि मनासारखं झालं नाही की कोसळतो, हे त्यांना दारू सोडल्यावर वीसहून अधिक वर्षांनी उमगलं. त्यांचा विषय २१ दिवसांत संपला नाही, तर शेजारच्या विंगमधल्या माणसाचा का संपावा?

आता माळ. माळेबद्दल मला मनापासून आदर आहे. ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यात मुक्कामी येतात तेव्हा आम्ही दरवर्षी दर्शनाला जातो, आणि माळ घातल्यावर पिणं सोडलेली माणसं आमच्या नात्यातही आहेत. माझा आक्षेप ‘आपोआप’ या शब्दाला आहे. ज्याची माळेनंतरही स्लिप होते, म्हणजे तो पुन्हा पितो, त्याच्या वाट्याला दुहेरी शरम येते. तो ना दिंडीत परत जातो, ना मदत मागतो.

एएच्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे सावरण्याच्या बारा टप्प्यांमध्ये, देव ज्याला जसा समजेल तसा. नास्तिकही त्याच सतरंजीवर बसतात. चौथ्या पायरीत स्वतःची झाडाझडती घ्यायची, पाचवीत ती दुसऱ्या माणसासमोर बोलायची, आठवीत दुखावलेल्यांची यादी करायची, नववीत जमेल तिथे भरपाई. ह्यांनी शंभर पानी वहीत यादी केली होती. त्यात शुक्रवार पेठेतला आमचा जुना वाणीही होता. पैसे घेऊन आम्ही दोघं गेलो. ‘दारूच्या दिवसांत तुमचे बुडवले, ते द्यायला आलोय,’ एवढंच हे म्हणाले. वाण्याने जुनी उधारीची वही शोधून काढली, पान उलगडलं, रकमेवर आडवी रेघ मारली आणि सुटे परत दिले. हे अध्यात्म डोळ्यांना दिसतं, आणि आपोआप येत नाही. त्या दुकानाची पायरी चढायला ह्यांना काही वर्षं लागली होती.

राहिला मीटिंगवाल्यांचा कच्चेपणा. व्यसन घर पोखरतं, मीटिंगने आमचं घर सावरलं, हा फरक मी रोज बघते. शिवाय २०२० साली कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास आणि १०,५६५ लोकांची माहिती एकत्र तपासली. एएशी नीट जोडून देणाऱ्या उपचारांत सलग दारूपासून दूर राहणाऱ्यांचं प्रमाण इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा जास्त निघालं. आणि जुने लोक फक्त स्वतःसाठी जात नाहीत. १९३५च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या ॲक्रन शहराच्या हॉटेलात बिल विल्सनना बार खुणावत होता, तेव्हा त्यांनी फोन करून दुसरा दारुडा शोधला, डॉ. बॉब स्मिथ. त्या भेटीतून एए उभं राहिलं. आपल्या येरवड्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातही बरे झालेले मित्र पुढे समुपदेशक झाले. पहिल्यांदा आलेला, हात थरथरणारा माणूस दारात उभा असतो, तेव्हा त्याला खुर्ची द्यायला जुनं कोणीतरी लागतंच.

एएच्या ओपन मीटिंगला कोणालाही बसता येतं, फी नसते, पूर्ण नावही सांगावं लागत नाही. ज्यांनी हा फॉरवर्ड पाठवला, त्यांनी एकदा येऊन बसावं. मी सोबत येईन.