टोनोपाह भुताखेताचं नाही, तालुक्याचं गाव आहे!

लास वेगासहून रीनोला गाडीने जाताना साधारण मध्यावर टोनोपाह लागतं, नेवाडाच्या वाळवंटात, जेमतेम दोन-सव्वादोन हजार वस्ती. ग्रुपवर फोटो टाकला तर सगळ्यांचा एकच प्रश्न, ते भुताटकीचं म्हणून गाजलेलं जोकरांचं मोटेल बघितलंस का? बघितलं बाबांनो. आत जोकरांच्या बाहुल्याच बाहुल्या आणि शेजारी जुनी दफनभूमी, युट्यूबवाल्यांची चंगळ नुसती. पण त्या दफनभूमीत कोण आहे हे किती जण बघतात? 1902 च्या साथीत गेलेले लोक आहेत, 1911 ला इथल्याच बेलमाँट नावाच्या खाणीत आग लागून 17 कामगार गेले त्यातले बरेच आहेत. भीती कसली वाटायची त्यात, मला तर वाईटच वाटलं.

गाव वसलं 1900 मध्ये. जिम बटलर नावाच्या माणसाचं गाढव रात्री भरकटलं, सकाळी त्याला मारायला उचललेला दगड भलताच जड लागला, चांदी! असं सांगतात. (आपल्याकडे अशा ठिकाणी देऊळ झालं असतं, यांनी खाणी खणल्या.) 1907-08 च्या सुमारास पाच मजली मिझपा हॉटेल उभं राहिलं, ते अजून चालू आहे. चांदी मात्र कधीच ओसरली.

मग गाव टिकलं कसं? माझं मत सांगतो, कोर्टकचेरीमुळे आणि हायवेमुळे. 1905 ला नाय काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखं) मुख्यालय बेलमाँट नावाच्या दुसऱ्या गावातून उचलून इथे आणलं, आणि आज बेलमाँटला जुन्या कोर्टाची विटांची इमारत उभी आहे पण माणसं जवळपास नाहीतच. म्हणजे खाण गेली तरी गाव जगू शकतं, कचेरी गेली की खलास, आपल्याकडच्या कुठल्याही तालुक्याच्या गावात विचारा, हेच सांगतील.

नंतर लष्कर आलं, 80 च्या दशकात एफ-117 ही रडारला सहजासहजी न दिसणारी विमानं जवळच्याच तळावर लपवून ठेवली होती. पण 2015 ला गावातलं हॉस्पिटल बंद पडलं आणि पुढचं हॉस्पिटल शंभर मैलांच्याही पलीकडे, आता बोला! छातीत कळ आली तर माणसाने करायचं काय? खरी भीती ही आहे, त्यावर कोणी रील बनवत नाही.

आणि हो, मी मिझपात राहिलो. तिथेही पाचव्या मजल्यावर लाल ड्रेसवाली बाई फिरते म्हणे. दिवसभर गाडी चालवून इतका दमलो होतो की ती आली असली तरी मला कळलं नाही.