‘फियाटचं भजं’ म्हणणाऱ्या काकांना

काका, नमस्कार.

तुमच्या प्रतिक्रियेला उत्तर द्यायला आठ दिवस लावले. पहिल्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर भांडण झालं असतं. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या 1974 च्या प्रीमियर पद्मिनीचे, म्हणजे इथे बनलेल्या फियाटचे, फोटो बघून काकांनी लिहिलंय: ‘चांगल्या फियाटचं भजं केलंत. क्रोम घालवलं, दाराची हँडल कापली, मागचे पंख, दिव्यांवरच्या त्या कडा, घासून टाकले. आता ही ना धड फियाट, ना धड दुसरं काही. एवढा पैसा होता तर मूळ रूपात आणायची होती. वडिलांची फियाट आमच्या पोर्चमध्ये अजून उभी आहे, तिला कुणी ग्राइंडर लावला तर हात मोडीन. आणि उद्या आरटीओने धरलं तर इथे रडायला येऊ नका.’

आधी सोपं ते उरकतो. हँडल कापलेली नाहीत. ती जागच्या जागी आहेत, फक्त गाडीच्याच रंगात रंगवली आहेत, म्हणून फोटोत दिसत नाहीत. दाराला बाहेरून हँडल नसणं दिसायला झकास असतं, पण अपघात झाला तर आतल्या माणसाला बाहेर काढणाऱ्याने काय खेचायचं? एवढी अक्कल आम्हालाही आहे. बाजूची चमकती पट्टी मात्र खरंच काढली आणि तिच्या क्लिपांची भोकं बुजवली. पट्टी कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे.

आता ‘चांगली फियाट’ या शब्दांकडे येतो. खरं दुखणं तिथेच आहे.

ही गाडी मी 2021 मध्ये नाशिकच्या सराफ बाजाराजवळच्या एका वाड्यातून घेतली. 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला केवढं पाणी आलं होतं, ज्याच्यावरून पूर मोजतात तो नदीतला दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला होता, हे नाशिककराला सांगायला नको. तेव्हा ही त्या वाड्याच्या बोळात उभी होती. पाणी ओसरलं, आतला गाळ तसाच राहिला. वरून मात्र गाडी दृष्ट लागावी अशी दिसत होती, कारण विकायच्या आधी मालकाने रंग मारून घेतला होता. मी निघताना फ्रिजवरचं वणीच्या देवीचं चुंबक खिशात टाकून गेलो होतो. बोनेटला लावलं, खट्‌कन चिकटलं. छपरालाही चिकटलं. डाव्या मागच्या दाराच्या खालच्या भागाला लावलं तर घसरत घसरत माझ्या चपलेवर येऊन पडलं. तिथे पत्राच नव्हता, नुसती लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुट्टी होती. पुढे अंबडच्या शेडमध्ये डेंटिंगवाल्या चाचांनी दाराखालच्या पट्ट्यावर स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर न लावता, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा सोबत मूठभर वाळलेला गाळ आला. चाचांनी तो नाकाजवळ नेला आणि म्हणाले, “गोदामाई आहे.”

तर काका, मी चांगल्या फियाटला ग्राइंडर लावला नाही. जिच्यात पत्र्यापेक्षा लांबी जास्त होती, तिला लावला. सीटा मारुतीच्या होत्या, पुढची जाळी नंतरच्या मॉडेलची प्लास्टिकची, मागचे दोन दिवे दोन वेगळ्या गाड्यांचे. तिला मूळ रूपात आणायचं म्हणजे नेमकं कुठल्या? इटलीच्या 1100 ची ही इथली आवृत्ती 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात बनायला लागली. आधी ती फियाट 1100 डिलाइट होती, मग प्रेसिडेंट, आणि 1974 पासून पद्मिनी. कंपनीने स्वतःच वर्षानुवर्षं जाळ्या, दिवे, डॅशबोर्ड बदलले. इंजिन तेवढं बराच काळ तेच 1089 सीसीचं राहिलं. तुमच्या वडिलांच्या गाडीला एक मूळ रूप आहे, कारण ती पहिल्या दिवसापासून एकाच घरात आहे. माझी गाडी किती हातांतून गेली याचा हिशेब आरसी बुकालाही नीट लागत नाही.

आता कापाकापीबद्दल. तुम्हाला सगळी कापाकापी सारखीच वाटते, आणि इथे मी तुमच्याशी भांडणार आहे.

माझ्या भाच्याचा हट्ट होता की छप्पर उडवून गाडी उघडी करायची. गंगापूर रोडने पावसाळ्यात मस्त दिसेल म्हणे. मी नाही म्हटलं आणि त्यात वारसाबिरसा काही नव्हतं. या गाडीला वेगळी चेसी, म्हणजे भार पेलणारा खालचा सांगाडा, नाही. 1953 साली इटलीत ही जात आली तेव्हापासून तिची बॉडी हीच तिची चेसी. जमीन, दाराखालचे पट्टे, दारांमधले खांब आणि छप्पर मिळून एक पेटी होते, आणि सगळा भार ती पेटी पेलते. छप्पर कापलंत की तुम्ही पुठ्ठ्याच्या खोक्याचं झाकण फाडलंत. मग खड्ड्यात चाक गेलं की मधून लवते, दारं बसेनाशी होतात, पुढची काच तडकते. याउलट पूर्वी मद्रासला बनायची ती स्टँडर्ड हेराल्ड घ्या. तिला खाली स्वतंत्र चेसी, वर पत्र्याचे भाग बोल्टने जोडलेले, ब्रिटनमधल्या मूळ ट्रायम्फ हेराल्डचं तर छप्परही बोल्टनेच बसवलेलं. म्हणून त्याच गाडीची उघडी आवृत्ती काढणं त्यांना सोपं गेलं. हेराल्डवाल्याने छप्पर उतरवलं तर पान्याने परत बसवता येतं. फियाटवाल्याने उतरवलं की ती गाडी संपली.

म्हणून मी दाराखालचे दोन्ही पट्टे पूर्ण नव्याने बनवून घेतले, 20 गेजच्या पत्र्यात, आणि भार न पेलणाऱ्या जागीच हौस भागवली. वेल्डिंग सीओटू गॅसच्या मशीनने, तेही सलग नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, मध्ये ओला फडका. पातळ पत्र्यावर सलग आग धरली की तो पापडासारखा फुगतो. त्या चमकत्या पट्टीची भोकं बुजवायलाच पाच दिवस गेले. मी रोज सातपूरहून सुटून अंबडला जायचो आणि चाचा रोज म्हणायचे, “साहेब, तुम्ही आलात की पत्रा घाबरतो.”

रूप बदलणं म्हणजे गाडीचा अपमान, हेही मला पटत नाही. रोल्स-रॉइस दुसऱ्या महायुद्धापर्यंत नुसती चेसी आणि इंजिन विकायची. वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून चढवून घ्यायचं, त्यात आपले संस्थानिकही आले. कॅलिफोर्नियात जॉर्ज आणि सॅम बॅरिस या भावांनी 1952 साली बॉब हिरोहाता नावाच्या गिऱ्हाइकाची 1951 ची मर्क्युरी घेतली, छप्पर कापून खाली आणलं, क्रोम काढलं आणि रेषा गुळगुळीत केल्या. त्या काळी तिकडचे कारागीर सांधे वितळलेल्या शिशाने भरायचे. तापवायचं, लाकडी पॅडलने पसरायचं आणि कानशीने घासायचं. आज ती मर्क्युरी अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या राष्ट्रीय नोंदीत आहे, कापलेल्या छपरासकट. माझी पद्मिनी त्या पंगतीत बसते असं म्हणायला मी अजून एवढा चढलेलो नाही. पण ‘हात लावला की वाटोळं’ असा नियम असता तर ती मर्क्युरी कधीच भंगारात गेली असती.

आरटीओ. इथे तुम्ही बरोबर आहात आणि नाहीही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी 2019 चा निकाल सांगतो की नोंदणीतला मूळ तपशील बदलेल असा फेरफार चालणार नाही. इंजिन तेच, चेसी नंबर तोच, सलून बॉडी तीच, सीटांची संख्या तीच. रंग बदलला, त्याची आरसीवर नोंद करून घेतली. पासिंगला साहेबांनी गाडीभोवती दोन चकरा मारल्या आणि विचारलं, “ही अँबेसेडर का?” तुम्हाला हसू येईल. मला नाही आलं.

मात्र एक दार मी स्वतःच्या हाताने बंद केलं, ते कबूल करतो. 2021 पासून पन्नास वर्षं ओलांडलेल्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये. पण चेसी, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा लागतो. तुमची फियाट त्यात सहज बसेल. माझी बसेल असं मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. शिवाय व्हिंटेज नंबरची गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच. मला ही गाडी शनिवारी भाजी आणायला हवी आहे आणि श्रावणात आईला त्र्यंबकला न्यायला. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. चालती पद्मिनी दिसणं आधीच दुर्मिळ झालंय. माझी चालत राहावी, एवढीच माझी धडपड.

आता पंख.

हे मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण यावर माझ्याकडे उत्तर नाही. मागच्या दिव्यांभोवती गंज होता हे खरं. चाचांनी खडूने रेघ मारून दाखवली होती, दिव्याच्या खाली चार बोटं, एवढंच कापायचं. मीच म्हणालो, आता उघडलंच आहे तर वरची कडा उतरवा, गोल करा, परदेशी दिसेल. ते एकदा नको म्हणाले. दुसऱ्यांदा बोलले नाहीत, ग्राइंडर उचलला. त्या वेळी मला ते आवडलं होतं. मग एका संध्याकाळी मुंबई नाक्याच्या सिग्नलला माझ्या पुढे एक पांढरी, न कापलेली पद्मिनी उभी होती. उतरत्या उन्हात तिच्या दोन्ही पंखांच्या कडेवर एक बारीक उजेडाची रेघ धरली होती, छपराच्या मागपासून थेट दिव्यापर्यंत. माझ्या गाडीवर ती रेघ आता कुठेच पडत नाही. हिरवा झाला तरी मी थांबून होतो, मागच्या रिक्षावाल्याने चार शिव्या घातल्या.

कापलेले तुकडे मी टाकले नाहीत, पण ते पंख परत चढवायच्या कामाचे नाहीत. गंजलेत, आणि कापताना वाकडे झाले. चाचा म्हणतात, नवा पत्रा ठोकून पंख बनतील, पण फोटोवरून नाही. कधीच न कापलेल्या गाडीचा साचा हवा. जाड ब्राउन पेपर पंखावर ठेवायचा, पेन्सिल आडवी धरून कडेवर घासायची, दोन्ही बाजूंचा वेगवेगळा छाप काढायचा. ग्राइंडर सोडाच, साधी टाचणीसुद्धा लागत नाही.

तुमच्या पोर्चमध्ये तशी एक उभी आहे. रविवारी सकाळी येऊ का? कागद आणि पेन्सिल मी आणतो, चाचांनाही घेऊन येतो. पेन्सिल हवं तर तुम्हीच धरा.