काचेवर ओरखडा उठला म्हणून भांडे पुरातन ठरत नाही

विक्रीला आलेल्या एका हिरव्यागार, कोरीव चिनी भांड्याच्या फोटोखाली हा मजकूर फिरतो आहे: 'अस्सल पुरातन जेड ओळखा. रंग जितका हिरवा तितके भांडे जुने. काचेवर ओरखडा उठतो, हाताला थंडगार लागते, तळाला बादशहाचा शिक्का असतो आणि विष ओतले की ते तडकते.' माझ्या एका स्नेह्यांनी एवढ्यावर विसंबून इसार दिला आणि भांडे घरी आणले, म्हणून हे लिहितो आहे.

आधी रंगाचे, कारण फसगत तिथेच होते. जेड या एका नावाखाली दोन वेगळे दगड येतात: नेफ्राइट आणि जेडाइट. चीनमध्ये हजारो वर्षे कोरला गेला तो नेफ्राइट, आणि त्यातही मान मोठा तो आजच्या चीनच्या पश्चिम टोकाला असलेल्या खोतानकडच्या नद्यांत सापडणाऱ्या, मेंढीच्या चरबीसारख्या पांढऱ्या दगडाला. पाचूसारखा हिरवा जेडाइट ब्रह्मदेशातून तिथे मोठ्या प्रमाणावर जाऊ लागला तो अठराव्या शतकात. मिंग राजवट तर १६४४ मध्येच संपली होती. त्यामुळे झगझगीत हिरव्या जेडाइटच्या भांड्याला 'मिंगकालीन' म्हटलेले दिसले की तिथेच थांबावे.

काचेवर ओरखडा क्वार्ट्झनेही, म्हणजे गारगोटीच्या दगडानेही, उठतो. तो नेफ्राइटपेक्षाही कठीण असतो, आणि 'इंडियन जेड' म्हणून विकला जाणारा ॲव्हेंच्युरिन क्वार्ट्झच आहे. शिवाय भांडे खरेच जुने असेल तर घासून आपणच ते खराब करणार! त्यापेक्षा वजन करा. आम्ही स्वयंपाकघरातल्या काट्यावर केले: भांडे ७४२ ग्रॅम. मग दोऱ्याने टांगून, आत हवेचा बुडबुडा राहू न देता पाण्यात पूर्ण बुडवले, तेव्हा २८० ग्रॅम कमी भरले. ७४२ भागिले २८० म्हणजे २.६५, ही क्वार्ट्झची घनता. नेफ्राइटची २.९ च्या पुढे जाते, जेडाइटची ३.३ च्या आसपास.

थंडावा काचेलाही असतो.

शिक्क्याचे मात्र नीट समजून घ्या. चियेनलुंग बादशहाची (१७३६ ते १७९५) चार अक्षरे नंतरच्या काळातही सर्रास कोरली गेली, आणि मिंगनंतरच्या छिंग राजवटीतल्या बहुतेक अस्सल जेड वस्तूंवर शिक्का नसतोच. वय शोधायचे ते कामात. जेड छिन्नीने कोरत नाहीत. चंदन सहाणेवर उगाळावे तसा तो झिजवावा लागतो. पायाने फिरवायच्या चकतीवर ओली वाळू लावून कारागीर महिनोन्महिने बसत. म्हणून भिंग घेऊन मुठीच्या मागची बाजू आणि गळ्याच्या आतला भाग पाहा. स्नेह्यांच्या भांड्यात बाहेर ड्रॅगनचा खवला न् खवला रेखीव आहे आणि आत सगळीकडे यंत्राने उठलेल्या एकसारख्या, धारदार रेषा, म्हणजे काम नवे.

विषाची समजूत मोगल दरबारातही होती. पण नेफ्राइट हे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे सिलिकेट, विषाने त्याला काही होत नाही. शाहजहानचा १६५७ चा पांढरा प्याला आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्याचे मोल बोकडाच्या डोक्याच्या त्या मुठीत आहे. चियेनलुंगला अशा हिंदुस्थानी जेडचे इतके वेड, की त्यावर तो स्वतःच्या कविता कोरून घेई.

आणि विक्रेता 'दोनशे वर्षे जुने' म्हणत असेल तर त्याला परवाना विचारा. भारतात १९७२ च्या पुरावस्तूंविषयीच्या कायद्याने शंभर वर्षांपेक्षा जुन्या अशा वस्तूंचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही. भांडे आधी कुणाकडे होते याचे कागदही मागा. आमच्या विक्रेत्याकडे दोन्ही नव्हते. इसार परत मागायला आम्ही उद्या पुन्हा जाणार आहोत.